मामंजींनी शिकवलेली प्लायची भिंत

आमचे मामंजी कामाला उभे राहिले की पहिल्यांदा गॅरेजचा फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा तो फ्यूज खिशात घेऊनच ते कांदिवलीच्या बाजारात बांगडे आणायला गेले आणि मी तासभर अंधारात करवत धरून बसले. परत आल्यावर मी कुरकुरले, तर म्हणाले, "काळोखात बसलंस, पण जिती आसस मा?"

संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. सासूबाई आधीच गेलेल्या. आता गावी जाऊन राहायचं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तेवढ्यात मला शिवणक्लाससाठी बिल्डिंगखालचं गॅरेज मिळालं. भिंतींना ही ओल, कापडाला डाग पडणार. मामंजी म्हणाले, "प्लाय मारूया. तुझो क्लास उभो करतंय, मगे गावाक जातंय." मला क्लास हवा होता आणि मामंजी जायला नको होते. आता करा काय ते.

प्लायच्या आधाराला भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकणं मला लवकर जमलं. अडायचं ते स्विचच्या पेट्यांपाशी, कारण प्लायला नेमकं तिथेच भोक हवं. मी टेप काढली की ते चिडायचे. "टेपाक काय इचारतंस? भिंतीक इचार." मग माझ्या ओल्या कुंकवाची बाटली घेऊन पेटीच्या चारही कडांना बोटाने कुंकू लावायचे आणि प्लायची फळी जागेवर धरून थापटायचे. फळी काढली की मागे लाल चौकोन, तेवढाच कापायचा. गॅरेजात कसली पूजा आहे, असं शेजारीण विचारून गेली.

पहिली फळी मी कापली आणि कुंकवाची बाजू बाहेर करून लावायला गेले. पेटी उजवीकडे, भोक डावीकडे. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापाव्यात, तशी वाट लागली. मामंजी पोट धरून हसले. "कापडाची उलटी बाजू तुका कळता, मगे फळयेची कित्याक कळना नाय?" ती फळी त्यांनी माझ्या कापड बेतायच्या टेबलाच्या खालच्या कप्प्याला वापरली. तिच्या भोकातून पुढे माझ्या कात्र्या खाली पडायच्या.

एकच फळी उरली तेव्हा मी मुद्दाम रेंगाळू लागले. आज पाहुणे, उद्या डोकं दुखतंय. मामंजींना न कळायला काय झालं? एका सकाळी त्यांनी करवत माझ्या हातात दिली आणि स्वतः शटरबाहेर स्टूल टाकून, गॅरेजकडे पाठ करून बसले. मी कुंकू लावलं, थापटलं, कापलं, बाजू दोनदा तपासली आणि फळी ठोकली. पेटीभोवती नख शिरायला जागा राहिली नाही. मामंजी आत आले, पेटीच्या कडेने बोट फिरवलं आणि मान हलवली.

मी म्हटलं, "निदान क्लास सुरू होईपर्यंत तरी राहा ना."

"मी रवलंय तर लोक सांगतले, सासऱ्यान करून दिल्यान," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने गावी गेले.

क्लासच्या पहिल्या दिवशी एका बाईने भिंतीवरून हात फिरवत विचारलंच, "सुतार कोण हो तुमचा?"

"मीच," मी म्हणाले. ते ऐकायला तेवढे मामंजी हवे होते.