दुहेरी गाठीचा झेंडा

आमच्या गावाची नगरपंचायत झाली आणि अध्यक्षांना वाटलं, आता शहर झालो म्हणजे शहराचा झेंडा पाहिजे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, निवृत्तीला टेकलोय, म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. वरवर कुरकुरलो, पण आतून सुखावलो होतो. उभा जन्म फळ्यावर काढलं आणि पुसलं. आपलं एक तरी चित्र गावानं मान वर करून बघावं, एवढीच हौस होती.

पण रंग आणायचा कुठून? भगवा घ्यावा तर निळेवाले विचारणार, निळा घ्यावा तर हिरवेवाले. पिवळा मेंढरंवाल्यांचा. पांढरा म्हणजे शरणागती, काळा म्हणजे निषेध. बैठकांवर बैठका झाल्या, माझं डोकं उठलं. शेवटी मातीसारखा तपकिरी धरला आणि मधोमध कापसाचं बोंड काढलं. तपकिरीवर कुणाचा हक्क नव्हता, त्यामुळे कुणाचा जीवही नव्हता. तरी दोघं-तिघं धुसफुसत राहिलेच.

कापड जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून आणलं. बोंड बायकोनं हातानं टाचलं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, असं मी बजावलं होतं. तिनं तेच बोंड मागूनही टाचलं, इतक्या बारीक टाक्यांनी की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

सव्वीस जानेवारीच्या आधी नगरपंचायतीच्या शिपायाला मी नियम समजावले. आपला खांब तिरंग्यापेक्षा ठेंगणा. आधी तिरंगा, मगच आपला. हे मी इतक्यांदा घोकलं की तो बिचारा धास्तावला. आपला झेंडा चुकून आधी सुटला तर काय घ्या, म्हणून पाकळ्या घालून बांधताना त्यानं दुहेरी गाठ मारली.

तिरंगा फडकला, राष्ट्रगीत झालं. मग अध्यक्षांनी आमची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. शिपाई दोरीला लोंबकळला. वरच्या गाठोड्यातून झेंडूच्या चार पाकळ्या तेवढ्या पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जिलेबीकडे वळले. बायको मात्र कपाळाशी हात धरून वर बघत उभीच राहिली.

संध्याकाळी झेंडे उतरवले, तेव्हा मी अध्यक्षांना म्हणालो, गाठ सोडून देतो, उद्या निवांत फडकवू.

"राहू द्या ना सर," ते म्हणाले. "आज कोणाचीच तक्रार न्हाई आली. पंधरा ऑगस्टलाबी असाच बांधलेला चढवू."

त्यांचं चुकत होतं असंही म्हणवेना. भांडायचं त्राण तर मुळीच उरलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "मंग मागच्या बाजूनं काहून टाचायला लावलं हो मला?"