मरणाऱ्या काकांची आरोळी

नाटक कुठलंही असो, मरायचं काम काकांकडे. नायकाला संवाद, काकांना गोळी, असं मंडळी हसून म्हणायची. त्यांचं नावच ‘मरणारे काका’ पडलं होतं.

दूर परदेशी वाळवंटात झालेली एक लढाई संपून बरीच वर्षं लोटली आणि एका कंपनीने तिच्यावर व्हिडिओ गेम काढायला घेतला. शत्रूच्या आरोळ्यांसाठी काकांना बोलावणं आलं. नुसतं ‘आ’ करून भागायचं नाही, भाषा तिकडचीच हवी, असं काकांच्या मनाने घेतलं. नाटकाचे कपडे सांभाळणाऱ्या मावशी मूळच्या तिकडच्याच, त्याच लढाईतून जीव वाचवून आलेल्या. काका कपडेपटात गेले आणि तिथली माणसं तेव्हा काय ओरडायची, ते विचारलं. शिवता शिवता मावशींचा हात थांबला. मग त्यांनी दोन-चार शब्द सांगितले. काकांनी ते घोकून घेतले.

ती आरोळी ऐकून स्टुडिओत सगळ्यांच्या अंगावर काटा आला. गेम धडाक्यात खपला. घरी जावईही तोच खेळायचा. पडद्यावर माणूस पडला की काकांचा आवाज यायचा आणि घरभर हशा पिकायचा. काकांचीही छाती फुगायची.

एकदा मोठ्या कौतुकाने त्यांनी मावशींना मोबाइलवर ते ऐकवलं. मावशींनी मोबाइल पालथा ठेवला.

“दार उघडू नका, असा अर्थ आहे त्याचा,” त्या म्हणाल्या. “आमचे हे बाहेर शिपायांच्या हाती सापडले, आम्ही आत. ते ओरडत राहिले, म्हणून आम्ही उघडलं नाही.”

काकांनी घाईघाईने मोबाइल खिशात टाकला. “मग मला कशाला सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत. वाटलं, अर्थही विचाराल.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनी गाठली आणि ती आरोळी काढून टाकायची विनवणी केली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं की लोक तिच्याच तर नकला करतात, ती कशी काढणार?

घरी येऊन त्यांनी जावयाला सगळं सांगितलं. सांगताना मान वर होईना. जावई भला माणूस. त्याने लगेच आवाज बंद केला आणि पुढे खेळत राहिला.

त्यानंतर कपडे आणायला काका दुसऱ्या कुणाला तरी धाडत. मावशी मात्र त्यांच्या कोटाचं सैल झालेलं बटण न सांगता घट्ट करून पाठवायच्या.