गप्प बसण्याचा पेपर

फोन जुईचा होता. "मावशी, आई..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मी फोन कानाला लावून उभी राहिले, कारण इतक्या वर्षांचा अनुभव असा की त्या घरात कुणीही वाक्य अर्धवट सोडलं, की मागून तिची आई, कुंदा, फोन ओढून घेते, ते वाक्य पूर्ण करते आणि वर स्वतःची चार जोडते. मी वाट पाहिली. पलीकडे जुईच्या हडपसरच्या फ्लॅटमधला पंखा फिरत होता, कुणीतरी दार लोटलं... वाक्य कुणीच पूर्ण केलं नाही. तेव्हा मला कळलं, कुंदा गेली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिच्या बरोबर खाली, पहिल्यावर. आम्ही राहायला आलो तेव्हा कोथरूड इतकं लांब होतं की मंडईत नुसतं नाव सांगितलं तरी भाजीवाली दोन काकड्या जास्त टाकायची, वाटेत भूक लागेल म्हणून. कुंदाचा आवाज मात्र तेव्हाही कोथरूडहून मंडईपर्यंत पोचत असे. मी वाढवून सांगते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला गच्चीवरून हाक मारून रस्त्यातली रिक्षा थांबवताना पाहिलेलं नाही. रिक्षा थांबायची. पुण्यातली रिक्षा! तिचे यजमान श्रीधर बँकेत होते. घरात त्यांना तोंड उघडायची संधी जेवणापुरतीच मिळे. बँकेत म्हणे फार गप्पिष्ट होते. तेही आता नाहीत.

त्यांची एकुलती एक जुई पहिलीत असताना कुंदाने तिला शाळेतून काढलं. दुसऱ्या शाळेत घालायला नव्हे, घरीच शिकवायला. मी स्वतः शाळेत शिक्षिका, त्यामुळे हे ऐकून माझ्या हातातला चहा बशीत, बशीतून साडीवर आणि साडीवरून सतरंजीवर गेला.

"वेड लागलंय का तुला?" मी विचारलं.

"अगं, चाळीस पोरांत हिचा प्रश्न विचारायचा नंबर लागेपर्यंत प्रश्न शिळा होतो," कुंदा म्हणाली. "आणि शिळं मी घरात कुणाला वाढत नाही."

माझ्या वर्गात साठ होती. ती बातमी मी तिच्यापर्यंत पोचू दिली नाही. तळमजल्यावरचे आजोबा जिन्यात तिला अडवून म्हणाले, "काय हो, मुलगी नापास झाली म्हणे?" कुंदा पायरीवर न थांबता म्हणाली, "नाही, शाळा झाली." त्यानंतर आजोबांनी तिला कधी काही विचारलं नाही; जे विचारायचं ते मला विचारत.

तिची शाळा कधी सुरू व्हायची आणि कधी सुटायची हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं. पिठलं करायला घेतलं की बेसनावरून हरभऱ्यावर, हरभऱ्यावरून काळ्या मातीवर, मातीवरून ज्वालामुखीवर. श्रीधर बिचारे ताट घेऊन ज्वालामुखी थंड व्हायची वाट बघत बसायचे. एकदा जुईला घेऊन ती कसब्यात तांबटांच्या आळीत गेली, तांब्याची भांडी कशी घडवतात ते दाखवायला. मीही बरोबर होते. एकाच वेळी दहा-वीस हातोड्या चालू, कानठळ्या बसाव्यात असा आवाज, आणि त्या सगळ्यावर हिचा आवाज! तांबं कुठून येतं, का चकाकतं, का काळवंडतं... अखेर एका कारागिराने हातोडी खाली ठेवली आणि फार अदबीने म्हणाला, "ताई, तुमचं होऊ द्या. मी मागनं ठोकतो."

आम्ही पोट धरून हसलो. जुई हसली नाही. तिला त्या कारागिराला काहीतरी विचारायचं होतं, ते राहूनच गेलं होतं. पोरीचं तोंड मी पाहिलं होतं, म्हणून सांगते.

निकालाच्या दिवशी आमच्या सोसायटीत सगळी पोरं प्रगतिपुस्तकं फडकवत यायची, पेढे वाटले जायचे. जुई आठेक वर्षांची असेल, गॅलरीतून सगळा सोहळा बघून आत आली आणि म्हणाली, "माझा निकाल कुठाय?" दुसरी एखादी आई असती तर घरच्या घरी प्रश्नपत्रिका काढून मोकळी झाली असती. कुंदा म्हणाली, "शिकवते मी, मग निकाल माझा नको का लागायला? तू घे माझी परीक्षा."

झालं! तेव्हापासून दर वर्षी निकालाच्या आदल्या रविवारी जुई आईची परीक्षा घेऊ लागली आणि मला बाहेरचे परीक्षक म्हणून रीतसर बोलावणं येऊ लागलं. माझ्या घरी तपासायच्या पेपरांचे गठ्ठे छताला टेकलेले, तरी मी जायची, कारण परीक्षकांना पोहे मिळत. विषय जुई ठरवायची. गणित, गोष्ट सांगणे, रागावल्यावर परत हसणे, असे. कुंदा बहुतेक सगळ्यांत उत्तम पास. एकाच विषयात दर वर्षी नापास, आणि तो विषय जुईने पहिल्या वर्षापासून कधी वगळला नाही... गप्प बसणे. जुई काहीतरी सांगणार, आणि तिचं सांगून होईपर्यंत आईने अवाक्षर काढायचं नाही. इतकाच पेपर.

पहिल्या वर्षी जुई म्हणाली, "काल मी गच्चीवर एक पक्षी पाहिला," आणि कुंदा म्हणाली, "शेपटी कशी होती गं?" नापास. पुढच्या वर्षी ती तोंडात पाण्याची चूळ धरून बसली. जुई शांतपणे म्हणाली, "मुळा आणि मुठा या नद्या हडपसरला उगम पावतात." ती चूळ माझ्या अंगावर आली. माझी साडी दोन दिवस दोरीवर होती. "नापास. पुढच्या वर्षी परत बसावे," जुईने निकाल सांगितला. इतकी कडक परीक्षक आमच्या बोर्डालाही मिळाली नसेल.

आम्ही हसायचो. पण कुंदाला तो विषय मनापासून लागून राहिला होता. भाजी निवडता निवडता मला म्हणायची, "अगं, मला ऐकायचं असतं गं तिचं. पण तिने तोंड उघडलं की मला इतका आनंद होतो, की मीच बोलायला लागते."

जुई चौदाची झाली, त्या वर्षी एकदा दुपारी माझ्याकडे एकटीच आली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली, "मावशी, तुमच्या शाळेत नववीत एकदम घेतात का हो?"

"चाचणी घेऊन घेतात. का गं?"

"मला बाकावर कुणाच्या तरी शेजारी बसायचंय." मग थांबून म्हणाली, "आईला सांगायला जाते तेव्हा ती 'बाक' शब्दावरून सागवानावर जाते. सागवानावरून ब्रह्मदेशात."

मी म्हटलं, "परीक्षेत सांग. तेव्हा तिला बोलता येत नाही."

त्या वर्षीचा पेपर गच्चीवर झाला. सकाळची वेळ, अजून ऊन तापलं नव्हतं. कुंदा प्लॅस्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. जुई समोर येऊन बसली आणि बोलायला लागली. घरी शिकायला आवडतं म्हणाली. आईसारखं कुणी शिकवणार नाही, हेही म्हणाली. पण मला शाळेत जायचंय. मला मैत्रिणी हव्यात, मधली सुट्टी हवीये, कुणाची तरी चोरून खाल्लेली चिंच हवीये... पोरगी बोलत होती आणि मी कुंदाकडे बघत होते. आता फुटेल, मग फुटेल! पळीने पापडी, पळीने पापडी, एकीशेजारी एक. पातेल्यातला शिजवलेला साबुदाणा केव्हाच संपला होता. तरी तिचा हात चालू होता. रिकामी पळी पातेल्यात जात होती, रिकामी कागदावर टेकत होती.

"झालं माझं," जुई म्हणाली.

कुंदा गप्प.

"आई, आता बोललीस तरी चालेल."

कुंदाने पळी पातेल्यात ठेवली. पदराने हात पुसले. म्हणाली, "शाळा सकाळची आहे की दुपारची? डबा केव्हा लागेल?"

जुई आईच्या गळ्यात पडली. "पास, पास!" करत अख्खी गच्ची तिने डोक्यावर घेतली, दोन-तीन पापड्या तुडवल्या आणि धावत खाली गेली. आम्ही दोघीच उरलो. मी काहीतरी विनोद करणार होते, तेवढ्यात कुंदा म्हणाली, "माझ्याकडे एक वाक्य होतं गं. ते म्हटलं असतं ना, तर ती गेली नसती."

"कुठलं?"

तिने कागदाचे कोपरे दगडांनी दाबले आणि रिकामं पातेलं उचललं. माझ्या आयुष्यात कुंदाने उत्तर न दिलेला तो एकच प्रश्न.

जूनमध्ये जुई माझ्या शाळेत आली. रोज मी घरी परतले की कुंदा जिन्यातच उभी. "कुणाशेजारी बसते? बोलते का वर्गात?" मी म्हणायची, "फार बोलते. ओरडावं लागतं." कुंदाचा चेहरा असा खुलायचा, जणू काही पोरगी बोर्डात आली. मग ती वर जायची, आणि वरून काही म्हणजे काही आवाज यायचा नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की माझ्या घरातल्या घड्याळाला टिकटिक आहे. संध्याकाळी जुई मैत्रिणींबरोबर रेंगाळत घरी आली, की घड्याळ पुन्हा बंद पडायचं... म्हणजे चालत असेल, ऐकू येत नसे. पुढे जुई कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन हडपसरला गेली. दोन वर्षांपूर्वी श्रीधर गेल्यावर ती कुंदाला घेऊन गेली, आणि वरच्या घराला कुलूप लागलं. रोज कुंदाचा फोन असायचा. मी 'हॅलो' म्हणायची, मग फोन टेबलावर ठेवून कुकर लावून यायची. तिला कळायचं नाही असं नव्हे.

परवा जुई ते घर आवरायला आली आणि मला वर बोलावलं. बरंचसं सामान गेलं होतं. आम्ही उघड्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो. खाली पोरांची सुट्टी सुरू झाली होती, आरडाओरडा चालला होता. जुई बराच वेळ तो ऐकत राहिली.

"मावशी, गच्चीवर त्या दिवशी ती तुम्हाला काही म्हणाली होती का? मी खाली गेल्यावर?"

मी सांगितलं. एका वाक्याचं सांगितलं, आणि ते वाक्य काय होतं ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. मनात आलं असतं तर अशी डझनभर वाक्यं मी तिथल्या तिथे रचून दिली असती, एकाहून एक सुंदर. पण पोरगी अशी बघत होती की रचवेना.

जुईने डोळे पुसले आणि हसली. "मला माहितीये कुठलं. 'मला करमणार नाही.' एवढंच. एवढं म्हणाली असती ना मावशी, तर मी चप्पलसुद्धा घातली नसती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला करमतं का हो?"

मी म्हटलं, "अगंबाई, दूध!" आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

ओटा कोरडा होता. शेगडी केव्हाच उचलून नेलेली. भिंतीवर तेवढा फोडण्यांचा पिवळा डाग होता, कुंदा उभी राहायची त्या उंचीला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. बाहेरून जुईने विचारलं नाही की कसलं दूध... चांगली शिकवलीये पोरगी.