शांत घरातली लाट

कानाला ऐकूच येत नाही इतका खोल, संथ आवाज पकडणारं यंत्र मी बनवत होते. पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांमधले मोठे पंखे आणि बॉयलर असा आवाज करतात. तो जागेवर जाऊन मोजायचा, म्हणून यंत्र खांद्यावरच्या पिशवीत मावायला हवं होतं. मावलं. वाऱ्याने बिचकू नये म्हणून त्याला फोमचं टोपरंही घातलं. पण पडद्यावर एक बारीक लाट सतत हलायची, ती काही केल्या जाईना. शेवटी आमच्या वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "शनिवारपर्यंत हे निस्तरलं नाही, तर काम बंद." मला रडू आलं. ते मी रागात लपवलं.

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचा गोंगाट, म्हणून यंत्र मी बमरोलीला आमच्या खोलीवर आणून तपासायची. घरी कसं शांत! सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. लाट तशीच.

सुट्टीच्या दिवशी आमचं सगळं घर भेस्तानला मावशीकडे जेवायला जातं. त्या दिवशी मी हटून बसले.

"ते खोकं ठेव बाजूले. मावशी वाट दखी राहिनी," माय म्हणाली.

"मला नाही यायचं!" मी खेकसले.

माय फणकाऱ्याने निघून गेली. पण जाताना माझ्यापुरती भाकरी आणि ठेचा झाकून गेली.

तासाभराने पाहिलं तर लाट गायब. सरळ रेघ. मला वाटलं, मेलं यंत्र. दार जरा ढकललं, तर रेघ टुणकन उडाली. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. मग आज खोलीत बदललं तरी काय? आणि मी कपाळावर हात मारला. आमच्या खोलीखाली लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना आहे, माझे वडील, आबा, तिथेच कामाला. जन्मापासून त्या धडधडीत झोपलेली मी, तिलाच शांतता समजून बसले होते. आज सुट्टी होती, लूम बंद होत्या.

संध्याकाळी आबांना सांगितलं की लाट लूमची आहे, पण शेठना पटवायचं कसं? लूमपायी आबांचे कान गेलेत, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. लूम थांबवून दाखवा म्हणायची सोयच नव्हती. चालती लूम उगाच थांबवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. माझ्या बारशालाही ते पाळी संपवूनच वर आले, हे माय अजून ऐकवते.

सकाळी चपला घालताना आबा म्हणाले, "दहा वाजता मी मन्या लूमा थांबाडसू. तू दखजो."

दहाला मी शेठना व्हिडिओ कॉल लावला, आता खाली लूम थांबतील म्हणाले आणि पडदा दाखवला. लाट एकदम खाली बसली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठली. शेठ हसले. "चालू ठेव काम," म्हणाले.

फोन ठेवला, तर लाट परत खाली बसली. हे काही ठरलं नव्हतं. पहिल्या वेळी पोरीचं लक्ष नसलं तर, म्हणून आबांनी लूम पुन्हा एकदा थांबवल्या होत्या.