पोट सुटलेली अक्षरं

आमचे धाकटे भाऊजी पाट्या रंगवतात. त्यांची अक्षरं सरळ उभी म्हणून राहत नाहीत. फुगलेली, कललेली, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी. सासूबाई म्हणायच्या, "ह्याची अक्षरं पंगतीतून उठून आल्यासारखी दिसतात!" खडूच्या दोरीने आधी सरळ रेघ मारायची आणि रंग लावण्याआधी तीच पुसून टाकायची, ही त्यांची रीत. "रेघ दिसली की अक्षरं शाळेत बसल्यासारखी बसतात, वहिनी."

हल्ली पाट्या मशीनवर छापून मिळतात. भाऊजींना कोण विचारतो? त्यांच्या जुन्या पाट्याही एकेक करून पुसल्या गेल्या. मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने इंजेक्शनच्या खोलीबाहेरची भिंत दिली, तेव्हा ते म्हणाले, "हीसुद्धा पुसली गेली तर ब्रश कायमचा ठेवला." हा माणूस बोललेलं फिरवत नाही. तेव्हापासून रोज देवापुढे बसले की मला ती भिंतच दिसायची.

आज डबा घेऊन गेले. भिंतीवर लालभडक 'या, बसा'. 'या'चा काना भिंतीला टेकल्यासारखा, 'ब'चं पोट सुटलेलं. वाळलेल्या रंगाचे थर इतके जाड की कडा हाताला लागाव्यात. मी कौतुक करणार, तेवढ्यात दवाखान्याचे मोठे साहेब आले.

"हा दवाखाना आहे की सर्कस?"

"सर, मुलांना जरा..." सिस्टर चाचरली.

"पांढरा मारा. आत्ता."

भाऊजींचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "आधी घासून घेतो, साहेब. घासल्याशिवाय हे जायचं नाही."

"आजारी मुलं आहेत इथे. धूळ नको. नुसता रंग मारा."

देवा, भाऊजींचा हात धर, एवढंच मी मनात म्हणत होते. भाऊजींनी स्वतःच्या हाताने सगळ्यावर पांढरा फिरवला. जेवणाच्या डब्याला शिवले नाहीत. ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. "भंगारात घाला."

तासाभरात पांढरा वाळला. साहेबही भिंत बघून निघाले. तोच ऊन कलून खिडकीतून तिरपं आत आलं आणि कडांच्या सावल्या पडल्या. पांढऱ्यावर पांढरं, पण 'या, बसा' जसंच्या तसं!

इंजेक्शन नको म्हणून खांबाला मिठी मारून बसलेली एक चिमुरडी उठली. 'ब'च्या पोटावरून बोट फिरवत म्हणाली, "आई, ह्याने किती खाल्लंय बघ!" आत यायला मात्र तयार नाही. शेवटी सिस्टरने तिथेच सुई टोचली. पोरगी रडली, चांगली भोकाड पसरून रडली. पण भिंतीवरचं बोट काढलं नाही.

साहेब जिन्यापाशी थबकले होते. भाऊजी पुढे झाले. "दिसतंय अजून. घासू का आता?"

साहेब पोरीकडे बघत राहिले.

"धूळ नको म्हटलं ना एकदा," असं गुरकावून ते जिना उतरले.

भाऊजींनी माझ्यापुढे हात केला. "वहिनी, ते फडकं द्या इकडे."

"आधी जेवा," मी म्हटलं आणि डबा पुढे केला.