शिवणवर्गाची पाटी

संस्थेचा इतिहास लिहून द्या म्हणून हल्लीची मंडळी मागे लागलीत. डोंबलाचा इतिहास! त्यातलं निम्मं मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

अंधेरी पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एवढीच ती संस्था. चालवणाऱ्या मोठ्या बाई निवृत्त नर्स. पहिली पाटी होती 'मानसिक आरोग्य केंद्र'. दोन महिने काळं कुत्रंही फिरकलं नाही. फिरकणार कसं? घरातलं कुणी तिथे जातं असं कळलं की पोरींची लग्नं अडतात! मग बाईंनी पाटी बदलली, 'शिवणवर्ग'. लगेच माणसं यायला लागली. मंगळवारी डॉक्टर, बाकीचे दिवस खरंच शिवण. शिकवायला मी, आणि शिकणाऱ्यांत माझा सख्खा मोठा भाऊ. तो साकीनाक्याला लेथवर होता. मशीन आपल्याला शिव्या देतं म्हणून एक दिवस घरी आला, तो परत कामावर गेलाच नाही.

त्यात माझं लग्न ठरत आलं. घरच्यांनी मुलाकडे भावाचा विषयच काढला नव्हता. आणि एका दुपारी होणाऱ्या सासूबाई न सांगता वर्गात हजर, हातात ब्लाउजपीस. भावाकडे बघून म्हणाल्या, "अगं, हा अगदी तुझ्या तोंडावळ्याचा. भाऊ का?"

वाट लागली, म्हटलं. माझं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "नाही हो. या आमच्या बाई. मी इथे शिकायला येतो."

मी टेप काढून सासूबाईंची मापं घ्यायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मापं घेत राहिले.

रिक्षात त्याला विचारलं, "असं का बोललास रे?" तर म्हणाला, "कसं बोललो, बाई?" घरी मला 'ए म्हशी' म्हणून हाक मारणारा हा! त्या दिवसापासून घरीही बाई आणि तुम्ही. नाटक करतोय की खरंच विसरला? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन्ही शक्य आहे. आता बोला!

लग्नाला वर्गातली सगळी आली, तोही इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, म्हणून आईने मामेभावाला सांगून ठेवलं होतं. तो नेमका कुठे गेला कोण जाणे. गुरुजी ओरडले, "नवरीचा भाऊ कुठंय? या पुढं!"

मी तिसऱ्या रांगेतल्या भावाकडे बघत राहिले. त्याने उठावं असं वाटत होतं, आणि उठला तर काय, याची भीतीही वाटत होती. तो इतरांसारखाच मान वळवून इकडेतिकडे बघत होता. मग शेजारच्याला त्याने मोठ्याने विचारलं, "भाऊ नाहीये का हो आमच्या बाईंना?"