वाव्वा डॉक्टर

आमच्या ढोरांच्या दवाखान्यात आजवर बरेच डॉक्टर आले आणि बदली करून गेले. एकाला ढोरांची भीती वाटायची. तेही चालून गेलं, कारण ढोरांनाही त्याची वाटायची. पण ज्याच्या जिभेला अख्खं गाव घाबरलं असा डॉक्टर मी एकच पाहिला. तो शिव्या द्यायचा म्हणून नव्हे. शिव्या आम्हाला कळतात, थोड्याफार आवडतातही. हे गृहस्थ चांगलं बोलायचे. उठताबसता, मोठ्यानं आणि चार माणसांसमोर. काहीही दिसलं की दोन्ही हात पसरून "वाव्वा!" करायचे. गावानं त्यांचं खरं आडनाव पहिल्या आठवड्यातच विसरून टाकलं.

ते साताऱ्याकडचे. मी त्यांच्या हाताखाली परिचर होतो, म्हणजे डॉक्टर सुई लावेपर्यंत ढोराचं तोंड धरून लाथा खाणारा सरकारी माणूस. रुजू झाले त्या सकाळी मारोतराव दूधवाले आपली म्हैस लस टोचायला घेऊन आले होते. डॉक्टर चहाचा कप घेऊन पायरीवर आले, म्हशीकडं बघितलं आणि ओरडले, "वाव्वा! काय जनावर आहे! काय कास, काय तुकतुकी! अहो, दूध किती देते हो?"

जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भरल्या कासेच्या म्हशीचं दूध असं उघड्यावर विचारतात का कुणी? मारोतरावांचा चेहरा उतरला. "कशाचं दूध, सायेब. च्यापुरतं निघतं," म्हणाले आणि लस न टोचताच म्हैस वळवून घराकडं निघाले. त्या संध्याकाळी म्हशीनं लाथेनं बादली उडवली. नवीन आवाजाला बुजली असेल, उन्हातून चालून दमली असेल, पण गावाला कारण कधीच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मारोतराव आले ते डॉक्टरांशी एक अक्षर न बोलता त्यांच्या पायाशी वाकले. "जरा पाय उचला," म्हणाले. डॉक्टरांनी उचलला. मारोतरावांनी त्या जागेची चिमूटभर माती रुमालात बांधली आणि चालू लागले. "वाव्वा! माती परीक्षण करतात वाटतं इथले शेतकरी!" डॉक्टर मला म्हणाले. मला सांगावं लागलं की माती दृष्ट काढायला नेली आहे आणि दृष्ट त्यांचीच लागली आहे. ते इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. पुढं मात्र हसू कमी झालं, कारण दर बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी पाय उचला म्हणत यायला लागलं. लोकांनी एवढी माती नेली की पावसाळ्यात आमच्या पायरीसमोर डबकं साचायला लागलं. त्या डबक्यात बेडकं झाली. डॉक्टरांनी त्यांनाही वाव्वा केलं.

मग लोक शहाणे झाले. बैलाच्या पाठीवर पोतं टाकून आणायचे, गाभण गाईच्या अंगाला शेण फासून आणायचे. मेंढ्या राखणारी सखूआजी तर बकरू पुढं करून म्हणायची, "सुई लावा डॉक्टर, पर बघू नका." न बघता सुई कशी लावायची हे त्यांना कॉलेजात शिकवलं नव्हतं. ते बिचारे बघायचे, आणि बघितलं की तोंडातून निघायचंच. आजी तेवढ्यापुरती बकराच्या कानांवर पदर घालायची.

एकदा निवांत बसलेले असताना त्यांनी मला विचारलं, "एवढा चांगला माणूस तू, नाव दगडू का ठेवलं रे?" मी सांगितलं, माझ्याआधीची दोन लेकरं गेली. ती दिसायला नाजूक, नावंही छान छान. मी झालो तेव्हा आई म्हणाली, ह्याला दगड म्हणा, म्हणजे कुणी नेणार नाही. आमच्याकडं जे लेकरू हवंहवंसं वाटतं त्याचंच नाव असं ठेवतात. डॉक्टरांच्या तोंडून हळूच "वाव्वा" निघालं. माझी आई हयात असती तर माती घ्यायला आली असती.

घरच्या कौतुकाचा तर त्यांना छंदच होता. त्यांची बायको तिकडं गावी. रोज दुपारी डबा उघडण्याआधी तिला फोन करायचे, आणि तिनं नुसतं आज भेंडी केली म्हटलं की हे इथून ओरडायचे, "वाव्वा! तुझ्या हातची भेंडी म्हणजे!" खात होते खानावळीतलं पाणीदार वरण, पण चेहरा मात्र भेंडी खाल्ल्यासारखा. "दगडू, कौतुकानं माणूस झिजतो का रे? घरी जाऊन बायकोला कधी चांगलं म्हणतोस का?" असं मला विचारायचे. त्यांच्या तगाद्याला कंटाळून एके दिवशी मी घरी कांताला म्हणालो, "भरीत झकास झालंय." तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "काय करून आलात?" म्हणाली. काही नाही म्हटलं, तर कपाळाला हात लावून ताप बघितला. "मग असं काहून बोलून राहिलात? बोला काय ते खरं." तिनं भावाला फोन लावायच्या आत मी भरिताला दोन नावं ठेवली, तेव्हा घर शांत झालं. पुढचे आठ दिवस मात्र रोज भरीत. माझं नाव ठेवणं तिनं मानलंच नव्हतं.

आता एवढा वाव्वा वाटणारा माणूस स्वतः सुखी असावा ना? तर तसं नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. ह्या गावातल्या कुणीतरी एकदा, मोठ्यानं, तुमचं काम चांगलं आहे असं म्हणावं. ऑफिसच्या ग्रुपवर त्यांना अंगठे यायचे, फुलं यायची, हार्दिक अभिनंदन यायचं. ते नको होतं. "ज्यांची ढोरं बघतो त्यांनी म्हणायला पाहिजे रे," म्हणायचे. आणि आमचे लोक म्हणजे काय विचारता! गाय सुखरूप व्याली तरी "गाय गुणाची म्हणून बरं, डॉक्टरच्या भरवशावर कशाची वाचती." बैल उठून उभा राहिला तर "उठणारच होता." निवृत्ती जवळ आली तसं त्यांचं हे दुखणं वाढत गेलं, आणि त्याच्यावर आमच्या कपाटात औषध नव्हतं.

त्या शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडं सखूआजीच्या मेंढ्या कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडल्या आणि पोटं फुगून पटापट आडव्या व्हायला लागल्या. निरोप आला तसे डॉक्टर माझ्या मोटारसायकलवर मागं बसून निघाले. रस्ता चिखलाचा. दोनदा गाडी घसरली, दोन्ही वेळा त्यांनी मला नाही, औषधाच्या पेटीला सांभाळलं. दिवसभर तो माणूस चिखलात गुडघे टेकून होता. एकीला तेल पाज, दुसरीच्या कुशीत सुई घालून वारा काढ. मी पोटं चोळून चोळून हात गमावून बसलो. दोन मेंढ्या गेल्या. बाकी सगळ्या दिवस कलायच्या आत उठून चरायला लागल्या.

डॉक्टर चिखल पुसत उभे राहिले. तोंडावर असं काही होतं, जसं निकाल घेऊन घरी आलेल्या लहान लेकराच्या असतं. आता आजी म्हणणार. आजीनं कळपाकडं बघितलं आणि म्हणाली, "गेल्या त्या चांगल्या व्हत्या. ह्या राहिल्या त्या अशाच, मरतुकड्या." आणि डॉक्टरांकडं हात करून मला म्हणाली, "ह्यांला काय येतंय? मेंढ्यायचं नशीब म्हणून वाचल्या."

परतीच्या रस्त्यानं ते कशालाच वाव्वा म्हणाले नाहीत. धरण भरून वाहत होतं, त्यालाही नाही. चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा म्हणाले, "दगडू, खरं सांग. इतकं वाईट काम करतो का रे मी?" मी म्हणालो, "डॉक्टर, आजीनं तुम्हाला चांगलं म्हटलं असतं तर मीच घाबरलो असतो." मी खरं तेच सांगितलं होतं. पण जन्मभर तिरकं बोलणाऱ्याचं हेच होतं, तो सरळ बोलला तरी लोकांना टोमणा वाटतो. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी आजी पायरीवर बसलेली. पुढ्यात गाडग्यात घट्ट दही. "आंबट झालंय. कुत्र्याला टाकायचं व्हतं, म्हणलं डॉक्टरला द्यावं," एवढं बोलून काठी टेकत गेली. चार कोस चालत आली होती, हे ती बोलली नाही. डॉक्टरांनी दही खाल्लं. गोड होतं, मीही खाल्लं म्हणून सांगतो. "कुत्र्याच्या वाटणीचं आलं बघ माझ्याकडं," ते म्हणाले आणि गाडगं स्वतः धुऊन ठेवलं.

निरोप समारंभ दवाखान्यासमोरच झाला. मांडव, खुर्च्या, माईक. तालुक्याहून, जिल्ह्याहून साहेब आले होते. शाल झाली, नारळ झाला. मग भाषणं. कुणी त्यांना पशुधनाचा आधारस्तंभ म्हटलं, कुणी दीपस्तंभ, कुणी नुसताच स्तंभ. एका साहेबांनी सगळं भाषण मन लावून केलं आणि शेवटी नाव मागच्या डॉक्टरांचं घेतलं. आमचे डॉक्टर हात जोडून ऐकत होते, पण डोळे मागं कुंपणापाशी उभ्या असलेल्या गाववाल्यांकडं. बाजार सोडून सगळे आले होते आणि सगळे गप्प होते.

"गावकऱ्यांपैकी कुणी बोलणार का?" माईकवर विचारलं. कुणी हलेना. शेवटी मारोतरावांना मागून ढकललं. त्यांनी माईक म्हशीच्या शेपटासारखा घट्ट धरला.

"सायेबलोक लै बोलले. मला तसलं येत न्हाई," ते म्हणाले. "हे डॉक्टर काही खास न्हवते. आवाज मोठा. ढोरं बुजायची. सकाळी येळेवर यायचे, त्याच्यानं आमालाबी येळेवर यावं लागायचं, लै तकलीफ व्हायची. पावसात बोलावलं तर पावसात यायचे, येडा माणूस. आता चालले तर जाऊ द्या. आमचं काही अडत न्हाई." एवढं म्हणून माईक त्यांनी उलटा खुर्चीवर ठेवला.

साहेबांचे चेहरे असे झाले, की निवृत्त माणसाला नोटीस देता येते का याचा विचार चालला असावा. डॉक्टरांनी मान खाली घातली. उठून ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ऐका नीट काय म्हणतो आहे तो! पण माझं कोण खरं मानणार होतं?

तेवढ्यात सखूआजी मांडवात आली. कुणाला न विचारता, काठी टेकत, थेट डॉक्टरांपर्यंत. कमरेची काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि टक्कल पडलेल्या, साठीला टेकलेल्या त्या माणसाच्या कानामागं चांगली ठसठशीत तीट लावली. मग दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. साहेबांकडं वळून रागानं म्हणाली, "लै बोलले तुमी. माणसाला लांब जायाचंय. नजर लागंल, काही कळतं का न्हाई?" आणि डॉक्टरांना म्हणाली, "जावा आता. काही कामाचे न्हाईत तुमी."

डॉक्टरांचा हात कानाकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी आजीकडं बघितलं, मारोतरावांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचे ओठ हलले. वाव्वा नाही, नुसतं माझं नाव घेतलं त्यांनी. "दगडू?"

"व्हय, डॉक्टर," मी म्हणालो.

मग ते सगळ्यांसमोर रडले. आजीनं तोंड फिरवलं आणि बाकीच्यांनी आभाळ बघितलं. गाडीत बसेपर्यंत आणि पुढं गाडी वळेपर्यंत त्यांनी कानाला हात लावला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मारोतराव पायरीपाशी वाकले आणि चिमूटभर माती रुमालात बांधली. म्हशीला काही झालं होतं का, असं मी विचारलं. "न्हाई. असू द्यावी घरात," म्हणाले.

नवीन डॉक्टर चांगले आहेत. कमी बोलतात, ढोरं बुजत नाहीत, डबकं बुजलं. लोक खूश आहेत असं म्हणतात, म्हणजे बघा.

परवा वाव्वा डॉक्टरांचा फोन आला. कांता शेजारीच वांगी चिरत होती. घरी पोचल्या पोचल्या बायको पदराचं टोक ओलं करून तीट पुसायला आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि आधी सगळी गोष्ट सांगितली, असं ते म्हणाले. आता भेंडीला ते मोठ्यानं वाव्वा म्हणाले की ती म्हणते, "हळू, नजर लागेल." आठवण येते असलं काहीतरी ओठांवर आलं होतं, पण आमच्याकडं तसं म्हणत नाहीत.

मी म्हणालो, "काही कामाचे न्हाईत तुमी, डॉक्टर."

पलीकडं खाकरल्याचा आवाज आला. मग जड आवाजात उत्तर आलं, "तू तरी कुठं कामाचा आहेस? नुसता दगड मेला!" आणि फोन ठेवला.

"काय म्हणले डॉक्टर?" कांतानं विचारलं.

"वाव्वा म्हणले," मी सांगितलं.